आवळून नेलेली गाडी

मंगळवार, ४ मार्च

फाटकावरून परत पाठवायला मी काय फिनेल विकायला आले होते का रे? तुझ्या पहारेकऱ्याने मला सांगितलं, फोरमनसाहेब बाहेरगावी गेलेत. आणि आत शेडमध्ये तू शिंकत होतास. तुझी शिंक मला ओळखू येणार नाही असं वाटलं तुला? लहानपणापासून तुझी एक शिंक कधी येत नाही, ओळीने येतात, आणि शेवटच्या शिंकेनंतर तू "अगं आई" म्हणतोस. ते "अगं आई"सुद्धा ऐकलं मी. पहारेकऱ्याला म्हटलं, साहेबांची सर्दी जोरात दिसते, बाहेरगावाहून इथवर ऐकू येते. बिचारा खाली बघायला लागला. नोकरी टिकवायची तर खोटं बोलायलाच लागतं, त्याला मी काही म्हणाले नाही. तुला म्हणते.

फोन करावा तर तुझी बायको उचलते. "ते अंघोळीला गेलेत." सकाळी केला तरी अंघोळ, दुपारी केला तरी अंघोळ. इतकी अंघोळ करणारा माणूस आतापर्यंत साबणाच्या वडीसारखा झिजून गेला असता. म्हणून लिहायला बसले. चुका काढू नकोस. आई कामावर जायची, तुला कडेवर कोण घेणार, म्हणून चौथीत माझी शाळा सुटली. माझ्या अक्षराला सगळं जग हसलं तरी तुला तो हक्क नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे मला कळलंच नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही. तुझे दाजी ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्या भरून डोंगराचा तो लांब उतार उतरत होते. भर दुपार. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला तर पाय नुसता खाली गेला. गिअर खाली आणले, हँडब्रेक ओढला, हॉर्न धरून ठेवला. उताराच्या पायथ्याला एका बाजूला बसथांबा, माणसांनी भरलेला. दुसऱ्या बाजूला दगडी भिंत, आणि भिंतीला टेकून चावीवाल्याची टपरी. टपरीचं झापड खाली होतं. ह्यांना वाटलं बंद आहे, आत कोणी नाही. त्यांनी गाडी भिंतीवर घातली. झापडामागे चावीवाला उकिडवा बसून कुणाचं तरी कुलूप खोलत होता.

तो जागच्या जागी गेला. ह्यांची मांडी मोडली. पोलिसांनी लिहिलं, ड्रायव्हरला झोप लागली. आता जामिनावर घरी आहेत, कमरेपासून प्लास्टर. कोर्टाची तारीख २१ एप्रिल, सोमवार.

आणि गाडीचा मालक काय म्हणतो? म्हणतो, ह्या जातीच्या गाड्यांचे ब्रेक वाईट निघाले म्हणून कंपनीने त्या परत बोलावल्या होत्या, मी माझी गाडी मुकाट पाठवली, वर्कशॉपने काम करून दिलं, दरवाजावर निळं स्टिकर लावलंय, जाऊन बघा. म्हणजे ब्रेक चांगला. म्हणजे माणूस झोपला होता.

ते वर्कशॉप तुझं. ते स्टिकर लावणारा हात तुझा. वकिलाने मला समजावून सांगितलं, चाकामागे एक आवळणारं यंत्र असतं, तुम्ही लोक त्याला स्लॅक म्हणता. ब्रेकचा लायनर झिजला की ते आपलं आपण ब्रेक आवळून घेतं. ह्या गाड्यांमधलं मात्र तापलं की आतून घसरतं आणि ब्रेक ढिला पडतो. म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीचं जुनं काढून नवं बसवायचं होतं.

मला एवढंच सांग, बारक्या. बसवलंस का?

ताई


रविवार, १६ मार्च

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवर लिहितात तेवढा मजकूर. "दाजींची गाडी मी स्वतः तपासली. सगळे ब्रेक घट्ट होते, मोजून बघितले. माझ्याकडून कमी राहिलेलं नाही. जास्त विचारू नकोस, वरून तोंड बंद ठेवायला सांगितलंय."

मी विचारलं जेवलास का, तू सांगतोस ताट स्वच्छ होतं. घट्ट होते हे मी विचारलंच नव्हतं. घट्ट असणारच. कोणाची गाडी होती ती?

तुला त्या दिवसाची आठवण करून देते, कारण तू फोरमन झाल्यापासून तुला फक्त गाड्यांचे नंबर लक्षात राहतात. गाडी तुझ्या वर्कशॉपला न्यायची म्हटल्यावर आदल्या दिवशी हे गाडी धुवायला बसले. टायर ब्रशने घासले. मी म्हटलं, लग्नाला उभी करताय का हिला? तर म्हणाले, मेहुण्याच्या दारात जायचंय. सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला खुंटीवर, आणि जुनी बनियन घालून पाना घेऊन गाडीखाली शिरले. हे तर त्यांचं रोजचंच. लोक उठून चूळ भरतात, हे गाडीखाली जातात. आधी चाकं, मग चहा. त्या दिवशी जरा जास्तच वेळ खाली होते. मी चहा घेऊन उभी, कप गार झाला, तरी नुसते पाय दिसत होते. मी ओरडले तर खालून म्हणाले, "ढिली गाडी देऊ का त्याच्या हातात? तुझ्या माहेरी म्हणतील, बाईने गबाळा बघून नवरा केला."

संध्याकाळी आले ते हवेत. जिन्यातच सांगायला सुरुवात केली. बारक्या स्वतः खाली शिरला म्हणे, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि बाहेर येऊन सगळ्या कामगारांच्या देखत म्हणाला, गाडी ठेवावी तर आमच्या दाजींसारखी. हे वाक्य त्यांनी जेवताना सांगितलं, जेवणानंतर सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं. मीसुद्धा नळावर चार बायांना ऐकवलं, खोटं कशाला बोलू. आपला भाऊ आणि आपला नवरा एकमेकांना चांगलं म्हणतात, असं किती बायांच्या नशिबी असतं?

अशा माणसाला झोप लागली म्हणतात. जो माणूस रोज चहाच्या आधी स्वतःच्या हाताने ब्रेक आवळतो, त्याला बेफिकीर म्हणतात. हे तू कोर्टात येऊन सांग. तुझ्या तोंडाला कुलूप असेल तर निदान एवढं तरी सांग, ह्यात वरच्यांचं काय जातं?

घरचं विचारलं नाहीस, तरी सांगते. पलंग बाहेरच्या खोलीत आणलाय, खिडकीशी. ह्यांचा चांगला पाय, डुलकी लागली की, आपोआप पुढे जातो आणि पलंगाच्या फळीवर दाबत राहतो. फळीला दणके बसतात. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा विचारायला आली, काय ठोकताय म्हणून. मी फळी काढून टाकली. आता पाय हवेत दाबतो. त्यापेक्षा फळी बरी होती.

दाढी वाढलीय. दाढीचं सामान मी शेजारणीकडे ठेवलंय. उगाच.

बसवलंस का नाही, ते लिही.

ताई


बुधवार, २६ मार्च

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण काल जे झालं ते कुणाला सांगू?

चावीवाल्याची बायको आली होती. मी दार उघडलं तर एक बुटकीशी बाई, हातात कापडी पिशवी, जिने चढून दम लागलेला. मला वाटलं कुणाची तरी आई असेल, वरच्या मजल्यावर जायचं असेल. म्हणाली, "मी त्याची बायको." कुणाची ते सांगायला लागलं नाही.

वाटलं, आता ही शिव्या देणार, छाती बडवणार, पायऱ्यांवर लोक जमणार. देऊ दे म्हटलं, तिचा हक्कच आहे. मी बाजूला झाले. ती आत आली, बस म्हटलं तर बसली नाही. पाणी दिलं तर घेतलं. पेला परत देताना पदराने पुसून दिला. त्या पुसण्याने मी मेले.

मग ती पलंगापाशी गेली. हे भिंतीकडे तोंड करून होते. ती म्हणाली, "एकच विचारायला आले. झोप लागली होती का तुम्हाला?"

हे भिंतीलाच म्हणाले, "बाई, चूक माझी आहे."

ती म्हणाली, "चूक नाही विचारली मी. झोप विचारली."

ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं. चूक माझी. मी मध्ये पडले, म्हटलं, अहो सांगा ना, झोप नव्हती, ब्रेक नव्हता, मला किती वेळा सांगितलंत. तर हे डोळे मिटून घेतात. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही नका सांगू, तुम्ही गाडीत नव्हता. बरोबर बोलली. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

जाताना दारात उभी राहून बोलली थोडं. तिच्या घरी पिशवीभर चाव्या पडल्यात, लोकांनी तशीच दुसरी बनवून द्यायला दिलेल्या. लोक येतात, आमची चावी द्या म्हणतात. कुठली चावी कुठल्या दाराची हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं. ती पिशवी पुढे करते, ज्याला जी वाटेल ती तो घेऊन जातो, कोणी दुसऱ्या दिवशी परत आणून टाकतो. मला म्हणाली, "तुमच्या माणसाला तुरुंगात घालून मला काय करायचंय. पण तो झोपेत गेला का कसा गेला, हे मला कळायला नको? लोक विचारतात तेव्हा मी काय सांगू, भिंत पडली?"

ती गेल्यावर मी ह्यांच्यावर खूप ओरडले. असं आजारी माणसावर ओरडू नये, पण मी अशीच आहे. म्हटलं, खरं सांगायला जीभ झडते का? तर म्हणाले, "टपरी बंद आहे असं मी ठरवलं ना. मी ठरवलं. ब्रेकने नाही ठरवलं." मग जेवले नाहीत.

बारक्या, माणूस आतून चाललाय माझा. मला तुझ्या तोंडून एक वाक्य पाहिजे, जे ह्यांच्या कानात घालता येईल. ब्रेक तुमच्या पायाखालून गेला दाजी, तुम्ही नाही गेलात. एवढंच. लिहायला पण नको, येऊन सांग.

ताई


गुरुवार, ३ एप्रिल

आता मला कळलं तू का येत नाहीस.

गाडीचा सांगाडा पोलिसांच्या आवारात पडलाय, तिथे तपासणीला माणूस येऊन गेला. कंपनीच्याच गाडीतून उतरला, कंपनीच्याच गाडीत बसून गेला, मग तो काय सांगणार ते मला तो उतरला तेव्हाच कळलं होतं. दरवाजावरचं निळं स्टिकर बघून त्याने लिहिलं, यंत्र नवं बसवलेलं आहे. खोलून बघायचे कष्ट घेतले नाहीत. पण स्लॅकच्या बोल्टवर टॉर्च मारून बघितलं त्याने. वकिलाने मला वाचून दाखवलं. बोल्टचे कोपरे पाना लावून लावून गोल झालेत. हे यंत्र आपलं आपण आवळतं, त्याला हाताने हात लावायचा नाही असं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय, तरी ड्रायव्हरने रोज त्यात ढवळाढवळ केली, त्यामुळे ब्रेक गेला. म्हणजे आधी झोपला होता, आता जागा राहून बिघडवला. काहीही झालं तरी ड्रायव्हरच.

वकील माझ्याकडे बघतोय आणि मी वकिलाच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे. माझ्या डोळ्यासमोर ते गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, आणि माझ्या हातातला गार झालेला चहा. आणि मी शहाणी, तुला मोठ्या तोऱ्यात लिहून पाठवते, रोज आवळतात म्हणून. कोर्टात येऊन सांग म्हणून.

घरी आले आणि चपला न काढता ह्यांना विचारलं. "तुम्ही आवळत होतात ते ढिले पडायचे म्हणून?"

म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पडायचे. सकाळी आवळले की दिवस निघायचा."

"मग मालकाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तो म्हणाला वर्कशॉपला जाईल तेव्हा बघतील."

"आणि वर्कशॉपला गेलात त्या सकाळी? त्या सकाळी का आवळलेत? दाखवायलाच नेत होतात ना गाडी?"

त्यावर माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी विचारलं, कपडे घालून का गेलात. म्हणाले, "बारक्याच्या माणसांसमोर ढिली गाडी उभी करू?"

मी जिन्यात जाऊन बसले. दुखणाईत माणूस डॉक्टरकडे जाताना ताप उतरवायची गोळी घेऊन जातो, आणि डॉक्टर हात लावून म्हणतो, ताप नाही, जा घरी. तसं झालं. थंड गाडी, त्याच सकाळी आवळलेली. तू मोजलंस ते खरंच घट्ट निघालं. तू खोटं नाही लिहिलंस, एवढं मी तुझ्या बाजूने मानते.

पण आता माझं ऐक. तू पाना हातात धरून वाढलास. माझ्या शिलाई मशिनचे सगळे स्क्रू तू दात पडायच्या वयात काढले होतेस. रोज पाना लागलेला बोल्ट तुला कळणार नाही? सगळीकडे ग्रीस आणि धूळ, आणि बोल्टचं तेवढंच डोकं चकचकीत, त्याच सकाळचं. स्वतः खाली शिरलास, दुसऱ्या कुणाला शिरू दिलं नाहीस. का नाही शिरू दिलंस?

तुला ते दिसलं होतं का?

ताई


मंगळवार, १५ एप्रिल

आलास. जिन्यापर्यंत आलास, वर नाही आलास. मी कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरत होते म्हणून सापडलास, नाहीतर तसाच गेला असतास. हेल्मेट डोक्यावरच होतं. मी आधी ओळखलं नाही, मग पोट बघून ओळखलं. तुला बारक्या म्हणायचं आता काही कारण उरलं नाही, तरी तोंडात तेच येतं.

तू म्हणालास, "दिसला, ताई."

मला वाटलं होतं, तू हे म्हणालास की मी तुझ्या मुस्काटात मारीन. मी बादली खाली ठेवलीसुद्धा त्यासाठी. हातच उचलला नाही.

तू बोललास ते सगळं मी इथे लिहून काढते, पुढे मला विसरायला होऊ नये आणि तुला बदलायला होऊ नये. नवी यंत्रं थोडी आली होती आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर. वरून सांगणं होतं, ढिल्या निघतील त्यांना आधी बसवा, घट्ट असतील त्यांना तशाच सोडा, पण स्टिकर सगळ्यांना लावा, काम पूर्ण दिसलं पाहिजे. बाकीच्यांना माल आला की बोलवू. तू खाली शिरलास आणि चकाकणारा बोल्ट दिसला. तुला कळलं दाजी आवळून आलेत. गाडीभोवती तुझी माणसं उभी होती. "त्यांच्यापुढे कसं म्हणू, दाजी हे तुम्ही काय केलंत? शर्ट इस्त्रीचा घालून आले होते गं." म्हणून बाहेर येऊन तू म्हणालास, गाडी ठेवावी तर आमच्या दाजींसारखी. माल आला की गुपचूप बोलावून बसवून देऊ, असं तू ठरवलंस. माल आला. पण ज्या गाडीवर स्टिकर लागलं ती कागदावर झालेली, तिला नवं यंत्र मागायला गेलास तर वरचे विचारणार, मग स्टिकर कशाला लावलंत? आज मागू, उद्या मागू, असं करत राहिलास.

त्यांनी तुझी लाज राखायला आवळलं आणि तू त्यांची लाज राखायला गप्प बसलास. दोघांनी एकमेकांचा मान ठेवला, आणि चावीवाला मेला.

मी म्हटलं, वर चल, त्यांना सांग. तू म्हणालास, कुठल्या तोंडाने? मी म्हटलं, आहे त्याच. तू म्हणालास, कोर्टात बोललो तर नोकरी जाईल, केस माझ्यावर येईल, पोरं लहान आहेत. ते खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पोरांना मी ओळखते, धाकटीच्या अंगावर मी शिवलेले फ्रॉक आहेत. मग तू हेल्मेटची काच खाली केलीस आणि गेलास. काच खाली करून रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

वरून हे विचारत होते, कोण होतं? मी म्हटलं, मीटर बघायला माणूस आला होता.

पण ही गोष्ट तेवढ्यावर संपली असती तर मी आज लिहिलं नसतं. तू म्हणालास ना, स्टिकर सगळ्यांना लावलं. सगळ्यांना. माझी खिडकी रस्त्यावर आहे बाबा. पलंगाशेजारी बसून मी खाली बघते आणि निळं स्टिकर लावलेल्या गाड्या जाताना दिसतात. वाळूच्या, दुधाच्या, लोखंडाच्या. कुठलीत नवं यंत्र आहे आणि कुठलीत जुनं हे फक्त तुझ्या डोक्यात आहे. त्या बाईच्या चाव्यांसारखं.

काल मी ट्रकतळावर गेले. तिथे बायका जात नाहीत, मी गेले. निळं स्टिकर दिसलं त्या गाडीपाशी थांबून सांगत सुटले, दादा, हे स्टिकर खोटं आहे, चाकामागचं यंत्र जुनंच असेल, तापलं की घसरतं, परत दाखवून घ्या. एक जण जेवत होता, त्याने ऐकून घेतलं नीट, मला बसायला खोका दिला. मग म्हणाला, "काकू, काळजी करू नका. आम्ही रोज सकाळी आवळतो. एकदम घट्ट असतात."

त्याच्या बाजूचा म्हणाला, मीपण. पलीकडचा म्हणाला, वर्कशॉपला नेली तेव्हा तर मी जास्तच आवळली होती, त्या लोकांना नावं ठेवायला जागा कशाला द्या. आणि हसले सगळे. चांगली माणसं रे, नेटकी. सगळ्यांच्या हाताला ग्रीस. मला हात धरून तळाच्या फाटकापर्यंत सोडायला आला तो जेवणारा, मग गाडी काढली आणि उताराच्या बाजूला गेला.

मी त्याच्यामागे ओरडले. त्याने हात हलवला.

आता माझ्याकडे सांगायला कोणी उरलं नाही. मालकाने सांगाडा भंगारात द्यायची परवानगी काढलीय. शनिवारी गाडी कापणार. कापली की जुनं यंत्र भट्टीत गेलं, मग तू बोललास तरी तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? वकील म्हणतो, वर्कशॉपमधला कोणी पुढे येऊन म्हणाला की आत जुनंच आहे, तर कापणं थांबवता येईल आणि खोलून बघता येईल, आणि बाकीच्या गाड्यापण परत बोलवाव्या लागतील. कोणी म्हणजे तू. दुसरं कोण खाली शिरलं होतं?

आणि सोमवारी हे कोर्टात सांगणार आहेत की चूक माझी. ठरवलंय त्यांनी. वकील आधी नाही म्हणत होता, आता त्यालाही तेच सोपं वाटायला लागलंय. काल हे मला म्हणाले, शर्टाला इस्त्री करून ठेव. तोच शर्ट. मी इस्त्री गरम केली आणि परत बंद केली. प्लास्टरवर पँट चढणार नाही, कंबरेला चादर गुंडाळून न्यावं लागेल, पण शर्ट इस्त्रीचा पाहिजे. शिक्षा घ्यायला जाताना पण ढिलं दिसायचं नाही.

मला माहीत आहे, तू बोललास तरी चावीवाला उठून येणार नाही. ह्यांचा पाय दाबायचा थांबेल का, तेही मला माहीत नाही. मला आता फार काही होईल असं वाटत नाही. तुझी नोकरी गेली तर तुझी बायको माझं नाव घेणार नाही, तुझी पोरं मला आत्या म्हणणार नाहीत. हे सगळं मोजून मी लिहितेय. तुला कडेवर घेऊन मी मोठं केलं, ते आज मागे मागत नाही. ते तेव्हाच फिटलं, तू हसायचास तेव्हा.

पण त्या जेवणाऱ्या माणसाने मला बसायला खोका दिला होता.

शनिवारी सकाळी मी चावीवाल्याच्या बायकोला घरी बोलावलंय. झोप लागली होती का, याचं उत्तर तिला द्यायचंय. ह्यांनी ते टाकून दिलंय. माझ्या तोंडून ती घेत नाही, मी गाडीत नव्हते. ते उत्तर तुझ्याकडे आहे. तू वर येऊन तिच्यासमोर आणि ह्यांच्यासमोर सांगणार का, आणि तिथून माझ्याबरोबर त्या आवारात येणार का, गाडी कापायच्या आत? हो किंवा नाही लिही. घट्ट होते असं लिहू नकोस.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबते. फोन करू नकोस, फोन मी उचलणार नाही, मी अंघोळीला गेलेली असेन. चिठ्ठी टाक नाहीतर ये. शुक्रवारी, अंधार पडायच्या आत. उत्तर दे.

ताई